चारशे सतराची रेघ

शनिवारी सकाळी सात वाजता गुडेगच्या, म्हणजे फणसाच्या भाजी-भाताच्या, टपरीवर बसले असताना माझ्या हातातला चहा मांडीवर सांडला, आणि त्याला कारण झाला एक बेचाकवाला. सत्तरीचा असेल. आपल्या तीनचाकीच्या पुढच्या बैठकीवर स्वतःच गिऱ्हाईक असल्यासारखा ऐसपैस बसून तो गुडघे चोळत होता आणि चोळता चोळता गुणगुणत होता. पूल, बकरी, खिळा, नारळ, पत्र, गुडघा, दिवा, होडी, मीठ, राजा. मग पुन्हा पूल, बकरी. चहा उकळता होता, चांगलाच चटका बसला, पण मी हूं की चूं केलं नाही. टपरीवालीनं फडकं पुढे केलं, ‘अगोबाई, भाजलं का हो, बू?’ म्हणाली, तेही मला जरा उशिराच ऐकू आलं. ते दहा शब्द, त्याच क्रमानं, या जोगजा शहरात कुणाच्या तोंडी असायचं काही कारण नव्हतं. ते कुठल्या गाण्यातले नाहीत की पुस्तकातले नाहीत. नऊ वर्षांपूर्वी एका दुपारी मी स्वतः ते निवडले, मीच त्यांचा क्रम लावला, आणि तेव्हापासून ते माझ्या खात्यातल्या लोखंडी कपाटात कुलपात आहेत. किल्ली माझ्या पर्समध्ये असते. मी पर्स उघडून बघितली. किल्ली होती. काय वेडेपणा, शब्द काय किल्ली फिरवून बाहेर पडतात?

‘पाक, हे कुठलं गाणं?’ मी विचारलं. आमच्याकडे वयस्क पुरुषाला पाक म्हणतात, बाईला बू.

‘गाणं कसलं, बू, कवायत आहे. पूल म्हणताना हात वर, बकरीला मान डावीकडे, गुडघा म्हटलं की गुडघा उचलायचा. बायको करते रोज. तिला तिच्या मावशीनं शिकवली. तुम्हीपण करा, सांधे मोकळे होतात,’ असं म्हणून त्यानं माझ्याकडे नीट बघितलं आणि सौम्यपणे पुढे म्हणाला, ‘म्हणजे आता नाही, पुढे लागेल तेव्हा.’

‘मावशी कुठली?’

‘दक्षिणेकडची. जातिवुलुंग वस्तीतली.’

जातिवुलुंगमध्ये माझी आई राहते. आणि जातिवुलुंगमध्येच, सरकारी पाहुण्यांसमोर परवा सोमवारी जो अहवाल मी ठेवणार होते त्याचा सगळा प्राण होता. गुडेग मी तसंच टाकलं. पानातलं अंडं सोडून उठायची ही माझी आयुष्यातली पहिलीच वेळ असेल.

मी आकडेवाली आहे. रेत्नो पालुपी, वय सत्तावन्न, तोंडाळ, आणि आपल्या कामात कुणाला हार न जाणारी. आमचं काम सांगायला सोपं आहे. साठीच्या पुढची दोन हजार शंभर माणसं, चौदा वस्त्या, दर दोन वर्षांनी एकदा त्यांच्या दारात जायचं, दहा शब्द वाचून दाखवायचे, इकडच्यातिकडच्या गप्पा मारायच्या आणि थोड्या वेळानं विचारायचं, आजी, मघाचे किती आठवतात? जे येतील ते लिहून घ्यायचे. अशा पाच फेऱ्या झाल्या. प्रत्येक माणसाची एक रेघ निघते. कुणाची वरून सुरू होऊन हळूहळू उतरते, कुणाची धाडकन पडते, कुणाची मध्येच तुटते, म्हणजे तो माणूस गेला किंवा यायचा बंद झाला. दोन हजार रेघा एका कागदावर काढल्या की शेवयांचा गुंता दिसतो. आमच्या खात्यात त्याला बकमीच म्हणतात. मला त्या बकमीतून वाट काढता येते. लोक वेडीवाकडी सरासरी काढतात आणि मोकळे होतात, मी प्रत्येकाला त्याची स्वतःची सुरुवात आणि स्वतःचा उतार देते आणि मग सगळ्यांचा मिळून उतार काय तो शोधते. आणि लबाडी कुठे शिरते हेही मला ठाऊक आहे. ज्यांची आठवण ढासळते तीच माणसं पुढच्या फेरीला दार उघडत नाहीत. उरतात ते शाबूत, आणि अडाणी माणसाला वाटतं की म्हातारपणी डोकं सुधारतं. मी त्या न उघडलेल्या दारांचाही हिशेब मांडते. परदेशातून पत्रं येतात मला, कसं केलंत म्हणून. उगाच नाकानं कांदे सोलत नाही मी, येतं म्हणून बोलते.

गाडी दक्षिणेकडे चालवताना हे सगळं मी स्वतःलाच सांगत होते, एखाद्या उद्धट विद्यार्थ्याला सांगावं तसं. सिग्नल लाल झाला, हिरवा झाला, मागच्यानं हॉर्न वाजवला. जातिवुलुंगची रेघ उतरत नाही, हा आमचा शोध होता. बाकी तेरा वस्त्यांत दर दोन वर्षांनी माणसं अर्धापाऊण शब्द गमावतात. जातिवुलुंगमध्ये दुसऱ्या फेरीपर्यंत तसंच होतं, पण तिसऱ्या फेरीपासून तिथे कुणी काही गमावत नाही. नऊ, दहा, नऊ, नऊ, दहा. आमचे प्रमुख पाक हार्यो यांनी आकडे बघून चष्मा काढला होता. मी त्यांना म्हटलं होतं, ही वस्ती अजून जुन्या पद्धतीनं राहते, कुणाच्या घराचं छप्पर गळलं तर सगळे चढतात, कुणाच्या घरी कार्य असलं तर सगळ्या बायका भात शिजवायला जातात, म्हातारा माणूस दिवसभरात चाळीस माणसांशी बोलतो. मिळून राहणाऱ्यांची आठवण टिकते, असं अहवालाचं नावच मी ठेवलं होतं. आणि कुणी म्हणालं असतं की बाई, तेच तेच शब्द पुन्हा विचारता म्हणून पाठ होत असतील, तर त्याचंही उत्तर माझ्याकडे तयार होतं. चौथ्या फेरीत मी मुद्दाम नवी माणसं भरती केली होती, आधी कधी परीक्षा न दिलेली. जुन्यांना सरावानं किती शब्द फुकट मिळतात ते या नव्यांशी ताडून कळतं. तेरा वस्त्यांत तो फरक नीट निघाला, एक शब्द. जातिवुलुंगमध्ये शून्य निघाला. तिथली नवी माणसंही पहिल्याच दिवशी नऊ शब्द सांगत होती. एक ऐंशी वर्षांची बाई, जिनं जन्मात कधी असली परीक्षा पाहिली नव्हती, नऊ! आणि मी, परदेशातून पत्रं येणारी मी, ते बघून टाळ्या वाजवल्या. वस्तीचा गुण, म्हणाले. अगं बये, वस्तीचाच गुण तो.

अजून एक खूण होती, तीही माझ्या डोळ्यांसमोर होती. म्हातारी होत जातात तशी माणसं एकमेकांपासून लांब जातात. साठीला सगळे साधारण सारखे असतात, ऐंशीला एक जण कोर्टात वकिली करतो आणि दुसऱ्याला स्वतःचं दार सापडत नाही. रेघा पुढे पंख्यासारख्या पसरायला हव्यात. जातिवुलुंगच्या रेघा पुढे जाऊन एकत्र आल्या होत्या. असं कधी होत नाही. दुसऱ्या कुणाच्या अहवालात हे दिसलं असतं तर मी त्याची सालटी काढली असती. पण त्या रेघांमध्ये एक रेघ चारशे सतरा नंबरची होती, आणि चारशे सतरा नंबर म्हणजे माझी आई.

हे मला माहीत असायला नको. नंबरामागचं नाव कुणी बघायचं नाही हा नियम आहे आणि तो मीच लिहिलेला आहे. मी बघितलं. पहिल्यांदा चार वर्षांपूर्वी, टांटो घरी येऊन गेला त्या आठवड्यात. टांटो माझा धाकटा भाऊ, सुराबायाला जहाजदुरुस्तीच्या कारखान्यात मुकादम आहे, मला म्बाक, म्हणजे ताई, म्हणतो. तो म्हणाला होता, ‘म्बाक, आईचं काहीतरी बिनसलंय. एकच गोष्ट तीनदा सांगितली तिनं मला.’ मी म्हटलं, तू तीनदा आलास म्हणून सांगितली. पण रात्रभर डोळा लागला नाही, आणि सकाळी खात्यात जाऊन मी चारशे सतरा उघडला. दहापैकी नऊ. आधीच्या फेरीत सात, आता नऊ. मी खुर्चीत टेकून बसले आणि मला रडू आलं, आनंदानं. त्यानंतर दर वेळी टांटोनं काही काढलं की माझ्याकडे आकडा तयार. आई दुकानात पिशवी विसरली? नऊ. आईनं तुझ्या मुलीला माझ्या नावानं हाक मारली? दहा. गेल्या महिन्यात मात्र वेगळं झालं. इबू (आईला आम्ही इबू म्हणतो) पेयेक तळते, शेंगदाण्याचे पातळ कुरकुरीत वडे, पन्नासावर वर्षं तळते आहे. कढई गॅसवर ठेवून ती मागच्या ओट्यावर जाऊन बसली आणि तिथेच तिचा डोळा लागला. तेल पेटलं. शेजाऱ्यांनी ओलं पोतं टाकून विझवलं. भिंत काळी झाली, पडदा गेला. काल टांटोनं फोनवर एवढंच म्हटलं, ‘येत्या गुरुवारी गाडी घेऊन येतो. तिला सुराबायाला नेतो. वरच्या मजल्यावर खोली तयार आहे.’ आणि मी म्हटलं, ‘तेल कुणाचंही पेटतं. तिला तिथे नेलंस तर महिन्यात संपेल ती. तिचं डोकं शाबूत आहे, हे मी म्हणत नाही, आकडा म्हणतो.’ तो म्हणाला, ‘तू शिकलेली आहेस, म्बाक. सोमवारी तुझं काम होऊ दे, मग सांग. तू जबाबदारी घेऊन नको म्हणालीस तर नाही नेणार.’ आणि मी छाती पुढे काढून म्हटलं होतं, घेते.

आता पुलावरून गाडी वळवताना मला ती छाती आठवली. मी जिला शाबूत म्हणत होते ती शाबूत आहे की नाही हे मला माहीतच नव्हतं. चार वर्षं माहीत नव्हतं. बाकी दोन हजार नव्याण्णवांचं मी निस्तरेन, तेवढी धमक आहे माझ्यात. पण त्या घरात गॅस आहे.

जातिवुलुंगच्या सभामंडपात शनिवारची आरोग्याची बैठक भरली होती. वजनकाटा, रक्तदाब, हिरव्या मुगाची खीर, आणि मध्ये तीन रांगांत तीसएक म्हातारी माणसं. पुढे लासमी उभी, वस्तीची स्वयंसेविका, शाळेत माझ्यापुढे तीन वर्षं होती. तिच्या हातात ध्वनिक्षेपक. ‘पूल!’ साठ हात वर. ‘बकरी!’ तीस माना डावीकडे. ‘खिळा!’ मुठी आपटल्या. राजा म्हणताना सगळे दोन्ही हातांनी डोक्यावर मुकुट ठेवत होते आणि हसत होते, दात असलेले आणि नसलेले. दुसऱ्या रांगेत इबू होती, हिरव्या कबायात, केसांचा अंबाडा घट्ट. ती एकही शब्द चुकत नव्हती. मी दाराशी उभी राहून बघत होते. मला हसू यावं की ओरडावं ते कळेना. माझी नऊ वर्षं माझ्यासमोर मान डावीकडे-उजवीकडे हलवत होती, आणि खरं सांगते, दृश्य सुंदर होतं.

‘आल्या, आल्या, परीक्षक आल्या!’ लासमी ध्वनिक्षेपकातच ओरडली. ‘बसा बसा सगळे, पाणी प्या. जेंग रेत्नो, खीर घे.’ धाकट्या मैत्रिणीला आम्ही जेंग म्हणतो.

मी तिला बाजूला घेतलं. ‘लासमी, हे शब्द तुझ्याकडे कुठून आले?’

‘कुठून म्हणजे? तुझ्याच खात्यातल्या पोरी विचारायला येतात ना.’ तिला त्यात लपवण्यासारखं काही वाटतच नव्हतं. ‘तुझ्याकडची मुलगी एका घरातून बाहेर पडली की आम्ही त्या घरात जायचो. तुला काय आठवतं? हिला चार, तिला तीन, कुणाला नुसता राजा. सहा घरांत मिळून दहा जमले. मग कुठल्यानंतर कुठला ते विचारून क्रम लावला. चाल तुझ्या आईनं लावली.’

‘इबूनं?’

‘मग काय! गळा कुणाचा आहे वस्तीत दुसरा? अगं, त्या दुसऱ्या वेळी सास्त्रो मास्तरांचं काय झालं ते तुला ठाऊक नाही. तुझ्याकडची मुलगी आली, ती निघाली त्यांच्याच विद्यार्थ्याची लेक. तिच्यासमोर मास्तरांना दोनच शब्द आले. हेडमास्तर माणूस! पोरीनं काही म्हटलं नाही बिचारीनं, लिहून घेतलं. पण महिनाभर घराबाहेर पडले नाहीत ते. आम्ही म्हटलं, हे काही बरं नाही. पाहुण्यांपुढे आपल्या माणसाची लाज जाऊ द्यायची नाही.’ मग तिनं माझा दंड धरला आणि आवाज खाली आणला. ‘आणि परीक्षा तुझी होती ना, जेंग. आपल्या वस्तीची पोर एवढी मोठी झाली, आणि आपल्याच वस्तीनं तिला नापास करायचं?’

माझी परीक्षा. सात वर्षं ही तीस माणसं माझ्यासाठी घोकत होती. मी तोंड उघडलं ते झापायला. सगळं वाक्य तयार होतं, की तुम्ही काय करून ठेवलंत ते कळतंय का तुम्हाला. पण पहिल्या रांगेतले सास्त्रो मास्तर, आता ब्याऐंशीचे, माझ्याकडे बघून अंगठा वर करून हसत होते, ‘दहा, रेत्नो! मला दहाच्या दहा!’ आणि मी म्हटलं, ‘शाब्बास, पाक.’ माझ्या तोंडून ‘शाब्बास’ कधी निघतं का? विचारा कुठल्याही विद्यार्थ्याला.

चूक कुणाची, हे ठरवायला मला वेळ लागत नाही, दुसऱ्याची असो की माझी. पाचही फेऱ्यांत तेच दहा शब्द ठेवायचे हा हट्ट माझा होता. पट्टी बदलली तर उंची कशी मोजणार, असं मी बैठकीत टेबल आपटून म्हणाले होते. दुसऱ्या खात्यातली एक बाई म्हणाली होती की आळीपाळीनं वेगळ्या याद्या वापराव्यात. मी तिला बोलू दिलं नाही. मला वाटलं होतं की आठवण ही ज्याची त्याची असते, ज्याच्या त्याच्या कवटीत, आणि दारामागे एकटं बसवून विचारलं की ती एकटीच बोलते. जातिवुलुंगमध्ये जन्मलेल्या बाईनं असं समजावं! जिथे मीठ संपलं तर शेजारच्या घरातून विचारल्याशिवाय उचलायचं असतं तिथे ही माणसं शब्द वाटून घेणार नाहीत तर काय करतील? काखेत कळसा आणि गावाला वळसा, दुसरं काय. पाक हार्योंना काय सांगायचं ते मी तिथेच, खिरीची वाटी हातात धरून ठरवलं. जातिवुलुंग अहवालातून बाहेर, नाव बदला, आणि का बदललं ते पहिल्याच पानावर लिहा, माझ्या सहीनं. मुलाखतींचं ध्वनिमुद्रण आहे. ज्यानं गाणं पाठ केलंय तो शब्द गाण्याच्या क्रमानं सांगतो. ज्याला खरोखर आठवतं त्याचे शब्द मागेपुढे येतात, मधले गळतात. क्रम बघून घोकलेलं आणि आठवलेलं वेगळं काढता येईल. सहा महिने लागतील. जमेल मला. याबद्दल मला तसूभर शंका नव्हती, आणि खीर मी चाटूनपुसून संपवली.

इबूला घेऊन मी घरी आले. स्वयंपाकघराची भिंत अजून काळी होती. ती त्या भिंतीकडे पाठ करून बसली आणि तिनं मला पेयेकचा डबा पुढे केला. लहानपणी मला मोजणं तिनंच शिकवलं ते याच पेयेकवर, शंभराचे डबे भरताना. तिनं कधी काही लिहून ठेवलं नाही. बाजारातल्या साठ दुकानदारांपैकी कुणाला किती डबे, कुणाला कमी मीठ, कुणाच्या सुनेला दिवस गेलेत, सगळं तिच्या डोक्यात. अशी माणसं वरून सुरू होतात, आणि वरून सुरू होणाऱ्यांची उतरण दहा शब्दांच्या छोट्या पट्टीवर फार उशिरा दिसते. हे मी वर्गात शिकवते. मी तिच्या हातांकडे बघत होते. बोटांवर तेलाचे जुने डाग, नखं स्वच्छ कापलेली. मला विचारायचं नव्हतं. मी घरी जाऊ शकत होते, सोमवारी खरं सांगू शकत होते, आणि इथलं तसंच ठेवू शकत होते. सर्वांसमोर खरं बोलणं मला कधीच जड गेलेलं नाही. हे जड होतं.

‘इबू, मी दहा शब्द सांगते,’ मी म्हटलं. ‘नवे आहेत.’

तिनं मान वर केली. तिचे डोळे बघताच मला कळलं की हे कशासाठी ते तिलाही कळलं. ‘सांग, न्दुक,’ ती म्हणाली. अजूनही मला ती न्दुक म्हणते, म्हणजे पोरी.

अंगठी, ढग, कात्री, आंबा, घोडा, उशी, जिना, मासा, कुंकू, भोपळा. मी ते तिथल्या तिथे जुळवले, माझा आवाज सरळ होता. मग आम्ही बोललो. लासमीच्या जावयाबद्दल, आंब्याच्या झाडाला लागलेल्या किडीबद्दल. पाच मिनिटं. घड्याळाकडे बघायची मला गरज पडत नाही. ‘आता सांग,’ मी म्हटलं.

‘अंगठी,’ इबू म्हणाली. मग बराच वेळ ती दाराबाहेर बघत राहिली, कुणी येणार असल्यासारखी. ‘ढग.’ तिचे ओठ हलले, आणि मला दिसलं की आत ती चाल शोधते आहे आणि या शब्दांना चाल नाही. मग तिनं पाहुण्यांसाठी ठेवलेलं हसू हसून डबा पुन्हा माझ्यापुढे सरकवला. ‘घे ना. खाल्लाच नाहीस एकही.’

मी एक घेतला. चावला. आवाज फार मोठा झाला त्या खोलीत.

‘दोन का?’ तिनं विचारलं.

‘दोन.’

‘मास्तरांचेपण दोनच होते,’ ती म्हणाली. ‘मला तेव्हाच भीती वाटली होती. मास्तरांसाठी चाल लावली असं लासमी सांगते, ते खरंच आहे. पण मलाही लागत होती ती. माझे सात आले होते त्या वेळी, आणि त्यातले दोन मी अंदाजानं बोलले होते.’

‘मला का नाही सांगितलंस?’

‘तू किती खूश होतीस! फोन करून म्हणायचीस, इबू, तू एकदम ठणठणीत आहेस. तुला एवढं ठाम माहीत असतं सगळं, मला वाटायचं, असेन मी ठणठणीत.’ ती हे चिडून म्हणाली नाही. चिडली असती तर बरं झालं असतं. ‘आणि तेलाचं म्हणशील तर त्या दिवसापासून गॅसची नळी बारा वाजता लासमी काढून नेते. सकाळी आणून लावते आणि मी तळते तोवर इथेच बसते. डावखुरी आहे, नीट लावता येत नाही तिला, पण लावते.’

हे मला कुणी सांगितलं नव्हतं. टांटोलाही नाही. महिनाभर ही वस्ती माझ्या आईचा गॅस काढत होती आणि लावत होती, आणि मी अकरा किलोमीटरवर बसून तिच्या डोक्याबद्दल अहवाल लिहीत होते. मला राग आला, लाज वाटली, आणि सगळ्याच्या खाली एक शुद्ध भीती वाटली, लहानपणी अंधारात तिचा हात सुटला की वाटायची तशी.

‘न्दुक,’ ती म्हणाली, ‘तू रेघा काढतेस ना. माझी खरी रेघ काढ. किती वर्षं आहेत मला? म्हणजे माझी माझ्यासारखी अशी?’

दोन हजार माणसांचं मी सांगू शकते. पाच वर्षांनी त्यांतले किती जण स्वयंपाक करत असतील, किती जण नातवाला ओळखत असतील, दोनपाच इकडेतिकडे, छातीठोकपणे सांगते. पण एका माणसाची रेघ, आणि तीसुद्धा एकाच खऱ्या ठिपक्याची? एका ठिपक्यातून कुठलीही रेघ जाते, वर जाणारी, खाली जाणारी, वाटेल ती. हे तर शाळेतल्या पोराला ठाऊक असतं. ‘मला माहीत नाही,’ मी म्हटलं. त्या घरात, त्या बाईसमोर, हे तीन शब्द मी आयुष्यात पहिल्यांदा उच्चारले असतील. सातवीत नापास होता होता वाचले तेव्हाही मी म्हटलं होतं की पेपर चुकीचा होता.

इबूनं डब्याचं झाकण लावलं. दोन्ही हातांनी दाबून, कडेकडेनं, हवा जाणार नाही असं. ‘मग राहा इथं आणि बघ,’ ती म्हणाली.

मी उठून मागच्या ओट्यावर गेले आणि टांटोला फोन लावला. तिकडे कारखान्यात ठोकाठोक चालली होती, तो ओरडून बोलत होता. मी म्हटलं, आकडा चुकला होता. कोणाचा, त्यानं विचारलं. माझा, मी म्हटलं, आणि मग सगळं सांगितलं, गाणं, मास्तर, गॅसची नळी. खरा किती, त्यानं विचारलं. दोन, मी म्हटलं. ठोकाठोक लांब गेली, तो कुठेतरी आडोशाला गेला असणार. ‘मी म्हणतच होतो,’ असं तो म्हणाला नाही. मी त्याच्या जागी असते तर शंभरदा म्हटलं असतं.

‘मग गुरुवारी येतो मी,’ तो म्हणाला.

‘ये. मोठी गाडी आण. पण तिला न्यायला नाही, माझं सामान हलवायला. मी इथे येतेय राहायला.’

तो म्हणाला, ‘तुझी पुस्तकंच दोन फेऱ्या होतील, म्बाक.’

‘पुस्तकं राहू देत तिथंच,’ मी म्हटलं. ‘पलंग तेवढा आण.’